जाड फळी

"वजन?" दुकानदाराने विचारलं.

"एकशे अकरा," नवरा म्हणाला.

"एकशे बत्तीस," बायको म्हणाली.

दुकानदाराने नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला जरा वेळ लागला, कारण माणूस सव्वासहा फूट होता आणि छताला टांगलेली वल्ही त्याच्या कानाला लागत होती. गिऱ्हाईक वजन चोरतं, हे दुकानदाराला सवयीचं होतं. गिऱ्हाइकाची बायको ते वाढवून सांगते, हे तो प्रथमच बघत होता.

"ही जुनं सांगतेय," नवरा म्हणाला.

"जुनं काय आणि नवं काय, माणूस तोच आहे ना?" बायको म्हणाली.

दुकानदाराने वाद वाढू दिला नाही. पाण्यावर उभं राहून वल्हवायचे दोन बोर्ड हवा भरून भिंतीला टेकवलेले होते. एक निळा, एक पिवळा. निळा चांगला वीतभर जाड आणि दारासारखा रुंद होता. "नवशिक्याला रुंद लागतो," तो म्हणाला. "त्यात माणूस उंच. उंच माणसाचा तोल वरून जातो. आणि त्यात..." त्याने शब्द शोधला, "भारदस्त. एकशे बत्तीसला डोळे मिटून निळा घ्या."

"निळाच द्या," बायको म्हणाली.

"पण थांबा. एकशे बत्तीसचे एकशे अकरा? किती दिवसांत?"

"सहा महिने झाले असतील," नवरा म्हणाला.

दुकानदाराने पहिल्यांदाच त्याच्याकडे आदराने पाहिलं. "अहो, मग निळा कशाला घेता? याच वेगाने गेलात तर पुढच्या वर्षी त्या बोर्डावर तुम्हाला शोधावं लागेल."

कुणी हसलं नाही. दुकानदाराला वाटलं, विनोद कळला नाही.

"करता काय, ते तरी सांगा. मी साखर सोडली, पण पोट काही मला सोडत नाही."

"काहीच करत नाही."

दुकानदाराला हा विनय वाटला. ते निव्वळ खरं होतं. नवरा पूर्वीसारखाच जेवत होता आणि पट्ट्याला नवी भोकं पाडून घेत होता. मेव्हण्याने पाठीवर थाप मारून 'शेवटी मनावर घेतलंत' म्हटलं होतं. ऑफिसात तर टाळ्या झाल्या होत्या. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या डॉक्टरने. त्याने रक्त घेतलं, पोटात नळी घालून कसलासा तुकडा काढला, तो तपासायला पाठवला आणि म्हणाला, "सोमवारी दोघं या." त्या 'दोघं'पाशी बायको काल दुपारपासून अडकली होती.

फळीचं, म्हणजे या बोर्डाचं, वेड नवऱ्याचं, आणि जुनं. 'तुम्हाला पेलेल अशी फळी अजून झाडावर आहे,' एवढं बोलून ती आजवर विषय मिटवत आली होती. आज सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना तीच म्हणाली, "चला, ती तुमची फळी बघून येऊ." नवरा खरा घाबरला तो तेव्हा. डॉक्टरसमोरही घाबरला नव्हता.

"वहिनी, ऐका माझं," दुकानदार म्हणाला. "निळा वळवायला जड, उचलायला जड. यांना पिवळा भरपूर झाला. एकशे वीसपर्यंत आरामात घेतो."

"यांच्याखाली तो वाकेल."

"नाही वाकणार."

"वाकेल. तुम्ही यांना ओळखत नाही."

आजवर वाढलेल्या ताटातून निम्मं परत काढून घेणारी बाई हे बोलत होती, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

"मग करूनच बघू," दुकानदार म्हणाला. त्याने लाकडाचे दोन ठोकळे अंतर ठेवून मांडले आणि पिवळ्या बोर्डाची दोन टोकं त्यांच्यावर टेकवली. "मधोमध उभे राहा. माणूस एकशे वीसच्या वर असला की मधे झोळी होते. लपत नाही. नसला, तर हा जागचा हलत नाही."

"राहू दे ना," नवरा हलकेच म्हणाला. "निळा घेऊन टाकू."

"नाही. उभे राहा."

"अगं, कशाला?"

"राहा म्हणते ना."

त्याने बूट काढले. एका हाताने दुकानदाराचा खांदा धरला आणि वर चढला. चढल्यावर डोकं वल्ह्यांमध्ये गेलं, म्हणून मान वाकवून उभा राहिला. खाली बघायचं त्याने टाळलं.

बायको फरशीवर उकिडवी बसली, पर्स मांडीवर घेऊन. बोर्डाखालच्या फटीतून समोरच्या भिंतीचा पट्टा दिसत होता. तिने तळहात आत सरकवला आणि बोर्डाला लागू न देता तसाच धरून ठेवला.

"बघा," दुकानदार म्हणाला. "केसभरसुद्धा नाही. साहेब, मानलं तुम्हाला."

वर नवऱ्याने धरून ठेवलेला श्वास सोडला. खाली तळहात होता तिथेच होता.

"अहो," ती म्हणाली, "जरा जोरात उभे राहा."