दामासबाबाची मतानी

दामासबाबाचा कोट कोर्दुलाच्या गुडघ्याखाली गेला. टोपी कानांवर उतरली. तिने कोपऱ्यातली काठी उचलली, पाठ वाकवली आणि दोनदा घसा खाकरला. दामासबाबाचं प्रेत खाटेवर होतं, डोक्यापर्यंत चादरीने झाकलेलं.

"हुबेहूब!" दारातून शेमदोए म्हणाला. घायपाताच्या मळ्यावरच्या या मजुरांच्या लाइनीचा तो मुखिया, वय पस्तिशीच्या आत. "आजी, इथे नको हसवूस. काय हसवायचं ते खड्ड्यापाशी."

"मग रडू का? रडायला तुम्ही आहात की सगळे. मी मतानी!"

मतानीचं, थट्टेच्या नात्यातल्या माणसाचं, कामच ते. हेहे आणि न्गोनी या दोन जमाती पूर्वी एकमेकींशी लढल्या, लढून दमल्या, तेव्हापासून भांडण जिभेवर आलं. हेहे मेला की न्गोनीने यायचं, त्याचे कपडे चढवायचे, त्याची चाल चालायची, त्याच्या साऱ्या खोडी चारचौघांत बाहेर काढायच्या. घरच्यांनी रागवायचं नाही.

लाइनीत हेहे दामास एकटाच, न्गोनी कोर्दुला एकटीच. बाकीच्या जमातींचे मतानी एकेक करून गेले, म्हणून यंदा सगळ्यांचीच थट्टा तिच्या गळ्यात पडली. सिकुजुआ म्हातारी गेली तेव्हा कोर्दुला तिच्यासारखी घरोघरच्या पातेल्यांत बोट घालून मीठ चाखत फिरली. लिबोरी गेला तेव्हा त्याच्यासारखी डोळे मिटून सायकल चालवली, आणि पडलीही त्याच्यासारखीच. पाऊस संपल्यापासून चौघं गेले. दामास पाचवा. आता लाइनीत तिच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं.

"बाबाची बहीण आलीय," शेमदोए म्हणाला. "फोनमध्ये नंबर सापडला. दोन दिवस बसमध्ये होती बिचारी. गावाकडची पक्की माणसं ही, आजी. विचारतील, कुठली न्गोनी, कुणाची लेक. नीट सांग हं."

कोर्दुलाने टोपी आणखी खाली ओढली.

कारण कोर्दुला न्गोनी नव्हतीच. मकुआ जमातीची होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या माराला कंटाळून पळाली आणि मळ्याची लॉरी दिसली तिच्यात चढली. इथे दोघंच उतरले, ती आणि एक नाकाड्या पोरगा. उतरतात तर समोर कुणाची तरी मयत. जो तो आपापल्या माणसांत चटईवर बसलेला. हिची चटई कुठली? ती कुंपणाला चिकटून उभी राहिली. बायका कुजबुजायला लागल्या. तो पोरगा टक लावून बघत होता. भीतीने तिच्या तोंडून निघून गेलं, "बघतोस काय? ते नाक तुझंच आहे, की कुणाचं सामान उचलून आणलंस?"

बायकांच्या माना वळल्या. पोरगा मात्र पोट धरून हसला. "ऐकलंत? हेहे माणसाला तोंडावर असं बोलायची छाती फक्त न्गोनीची! माझी मतानी आहे ही. जागा द्या तिला!"

कुणीतरी चटईवर सरकलं. ती बसली, ती बसलीच.

मग रोज सकाळी दाराशी दामासची हाक, आणि तीच ठरलेली थट्टा: न्गोनी गायचोर, हेहे कुत्रेखाऊ. "उठलीस का गं चोरटे? आज कुणाची गाय लांबवलीस?"

"तुझं कुत्रं शिजलं का ते आधी सांग, हेह्या!"

कधी ती चुकायची. तो हळूच म्हणायचा, "न्गोनी बाई असं नाही म्हणत." न्गोनींचं त्याला सगळं ठाऊक. वैऱ्याचं माणसाला ठाऊक असतंच, असं तिला वाटायचं. खरं काय ते तिने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दाराशी कोण आलं असतं?

आणि आज ते उघडं पडलं, तर खड्ड्याशी उभं राहायचा हक्क गेला. मतानी नाही, तर ती त्याची कोण? कुणीच नाही.

तरी ती गेली. खोकत, काठी आपटत गेली आणि पुरणाऱ्यांची वाट अडवत खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली.

"नाही सरकत! मी दामास! एकदा असा घोरलो, असा घोरलो, की कारखान्याचं इंजिन लाजून बंद पडलं. साहेब म्हणाला, दामास, तू झोप, आज मशिनचा पट्टा तुझ्यावरच चालवतो! आणि हे बघा, आधी माझं नाक पुरा. मी मागून येतो. दोघांना एका खड्ड्यात जागा नाही व्हायची!"

लाइन खदखदली. शेमदोए हसता हसता डोळे पुसत होता. बहीण तेवढी हसली नाही. वाळून काटकी झालेली म्हातारी, नाक मात्र तेच. ती चटईवरून उठली, कोर्दुलाच्या समोर आली, आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलली. बरंच बोलली. मग उत्तराची वाट बघत थांबली.

कोर्दुलाला एक शब्द कळला नाही.

"ताई, तुमची हेहे भाषा मला नाही येत," ती म्हणाली. "मी न्गोनी. त्याची मतानी."

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, मी न्गोनीतच बोलले."

हसणं थांबलं. कोर्दुलाने मान खाली घातली, टोपी काढली, कोटाची बटणं सोडायला लागली.

"थांब," म्हातारी म्हणाली. "हेहे कोण म्हणालीस?"

"दामास."

"आमचा दामास?" म्हातारीने कपाळाला हात लावला. "आमचा बाप न्गोनी, आजा न्गोनी. घरातून निघाला तेव्हाही न्गोनीच होता गं! हेहे कधी झाला तो?"

कोर्दुलाला दिवस ठाऊक होता. वेळसुद्धा.