स्टेपनीचा खटका

सौदीहून सुट्टीवर आलेल्या तमीमने अब्बांच्या जुन्या जीपमागे स्टेपनीचा स्टँड स्वतः वेल्डिंग करून बसवला. फाटकासारखा बाजूला सरणारा. साधी कडी लावली तर ती रोह्याच्या पहिल्याच खड्ड्यात खडखडली, स्प्रिंगची नागोठण्यापर्यंतही टिकली नाही. शेवटी त्याने पेणहून स्टँड आणि टायर दोन्ही जखडणारा चावीचा पोलादी खटका आणला.

"आता चोराचा बाप आला तरी नाय निघायचा!" अब्बा गावभर सांगत सुटले.

नोकरी सोडून इथेच राहतो, हे सांगायला तमीमने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा अब्बांनी घराच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या खर्चाचा विषय काढला.

परतीच्या दिवशी विमानतळाकडे निघाले आणि पेणजवळ टायर फुटला. खटक्याची चावी सापडेना. अब्बांनी सीटखाली पाहिलं, पिशव्या उपसल्या, तमीमचे खिसेसुद्धा चाचपले. मग घामाघूम होत धावले आणि जवळच्या गॅरेजवाल्याला ग्राइंडरसकट घेऊन आले. ठिणग्या उडाल्या, खटका तुटून रस्त्यावर पडला.

"चल बेटा, आता विमान नाय चुकत!" अब्बांचा चेहरा फुलला.



"व्हय अब्बा," म्हणत तमीम जरा लंगडतच गाडीत चढला. बुटातली चावी फार टोचत होती.