टिकलीपर्यंत
बीरगांवच्या रस्त्यावर ट्रकमधून उडालेल्या गिट्टीनं आमच्या गाडीच्या समोरच्या काचेला तडा गेला. माझी बायको चित्रा रोज तिथल्या शाळेत शिकवायला तीच गाडी चालवत जाते. तडा वाढतो की नाही ते कळावं म्हणून मी तिच्याच पाकिटातली लाल टिकली तड्याच्या टोकावर आतून चिकटवली आणि बजावलं, "तडा हिच्या पुढं गेला, तर गाडी घरी. तू बसनं जायचं." रोज सकाळी मी पाहायचो. तडा टिकलीशीच थांबलेला असायचा, तरी मला तो लांब लांब होत चालल्यासारखा वाटायचा. काच बदलावी की चष्मा, तेच कळेना. शेवटी आज तिच्याकडून चाबी मागून घेतली आणि दोघं शंकर नगरात काचवाल्याकडे गेलो. "भर देंगे तो निशान रहेगा. बताइए, भरना है कि बदलना है?" म्हणत तो आत वाकला. "और ये गोल-गोल क्या लगा है?" टिकलीच्या मागं, तड्याच्या कडेनं, टिकलीएवढे डिंकाचे गोल डाग ओळीनं होते. मी चित्राकडे पाहिलं. "तडा वाढून राहिला, ते मले काहून नाही सांगितलं?" "सांगितलं असतं, तर चाबी मागितली असती तुम्ही," ती काचेकडेच पाहत म्हणाली. चाबी माझ्या मुठीत होती. काचवाला पुन्हा तेच विचारून राहिला होता. मी चाबी चित्राच्या हातात ठेवली. "गाड़ी इनकी है, भैया," मी म्हटलं, "इन्हीं से पूछिए."