सेन्सरवरचा कीस

ब्रेकमधला बिघाड दाखवणारा एबीएसचा पिवळा दिवा विझल्याशिवाय गाडीत बसणार नाही, असं बायकोनं बजावल्यामुळे बोरस्ते तिच्यासकट द्वारका चौकातल्या गॅरेजमध्ये उभे होते. अंबडचा आपला कारखाना दोन महिन्यांपूर्वीच बंद पडलाय, हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन ते तिथंच जाऊन बसत. मिस्त्रीनं चाक काढलं आणि बोटाएवढा सेन्सर उजेडात धरला. त्याच्या चुंबकी टोकाला लोखंडाच्या किसाची दाढी फुटली होती. “सेन्सर ठणठणीत आहे, शेठ. कारखान्यात काम जोरात दिसतंय.” बायको कित्येक दिवसांनी हसली. “आणि घरी नुसतं मंदीचं रडगाणं.” गेला आठवडाभर भंगारवाला ग्राइंडरनं त्यांच्या मशिनी कापत होता आणि बोरस्ते शेजारीच गाडीत डबा खात होते. मिस्त्रीनं टोक पुसून सेन्सर परत बसवला, दिवा विझला. “मग माझ्या भावाला घ्या कामावर. उद्याच पाठवते,” ती म्हणाली. “पाठव,” बोरस्ते म्हणाले.