पहिल्या बास्केटपर्यंत

आयोवातल्या त्या विद्यापीठाचं जुनं स्टेडियम उद्या पाडणार होते. पदवीदान, सर्कस, प्रचारसभा, सगळं तिथेच झालेलं. पण बास्केटबॉलची रीत साठ वर्षांची: आपल्या संघाचा पहिला बास्केट होईपर्यंत प्रेक्षकांनी पाय मोडले तरी बसायचं नाही.

भर दुपारी व्हर्ना शेवटची झाडलोट करत होती. स्प्रिंगच्या नऊ हजार खुर्च्या मिटलेल्या होत्या. माणूस बसलं तरच त्या खाली यायच्या.

"व्हर्नाबाई, तीस वर्षं नुसतं मैदान पुसलंत. एक तरी टाका की!" वॉचमन ड्वेनने चेंडू फेकला.

"गप रे, कंबर धरेल माझी," म्हणत तिने तो टाकलाच. चेंडू जाळीतून अलगद उतरला.

चहूबाजूंनी नऊ हजार खुर्च्या एकदम खाली आल्या. एकही परत मिटली नाही.