सोफ्यावरचं प्लास्टिक

लालबागच्या चाळीतून टॉवरमध्ये आल्यापासून शांताने दोघांपुरत्या नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. ती आणि तिचा नवरा लवू खाली चटईवरच बसत.

"आपल्या वैभवचं लग्न ठरू दे, मग काढू," ती म्हणे.

"तवसर मी असतलंय काय गो?" लवू हसून विचारी. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचंच सांगितलं होतं.

एका सकाळी केर काढताना तिला दिसलं, सोफ्याच्या गादीवर खळगा पडला होता. कोणीतरी बसून असावं तसा. वरचं प्लास्टिक मात्र ताठ होतं, दुकानाची चिकटपट्टीही शाबूत. तिने वरून हात ठेवला. ऊब लागली.

दुपारपर्यंत शेजारी दुसरा खळगा पडला.

मग प्लास्टिकवर आतून वाफ धरली. ती पसरे, विरे, पुन्हा पसरे.

शांताने कात्री आणली आणि प्लास्टिक टराटरा फाडलं. खळगे भरून आले नाहीत.

"अहो, उठा! आजच बसूया इथे. चहा इथेच आणते."

लवू भिंतीला धरून उठला, सोफ्यापाशी आला आणि थबकला. घरात पाहुणे असल्यासारखा अदबीने मागे सरला.

"खंय बसू गो?" तो हळूच म्हणाला. "जागाच नाय."