रोख रकमेची मर्यादा

यासेरने अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. "मॅडम, लोक इथं मर्यादा वाढवून मागायला येतात."

"मला कमी करून हवी आहे," बुद्धप्रिया म्हणाली. "क्रेडिट कार्डावरून रोख काढायची मर्यादा चाळीस हजार आहे, ती दोन हजार करा. माझ्या कार्डाची नाही, सुगतच्या."

यासेर तिचा जुना विद्यार्थी. नांदेडच्या कॉलेजात तिने त्याला अकरावीला भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि उत्तरापुढे एकक लिहायचं राहिलं म्हणून गुणही कापले होते. बँकेत चांगल्या खुर्चीवर बसूनही तो तिच्यापुढे अजून जपून बोलायचा. सुगतचं त्याला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

सुगत तिचा एकुलता एक मुलगा. बारावीनंतर लातूरला मेडिकलच्या क्लासला होता. परगावी अडीअडचणीला असावं म्हणून तिने स्वतःच्या कार्डाला जोडून त्याला एक कार्ड घेऊन दिलं होतं. तिसऱ्या खेपेचा निकाल लागला त्या संध्याकाळी त्याने खोलीची किल्ली मालकाच्या हातात दिली आणि निघून गेला. 'मला शोधू नका' एवढा निरोप आला आणि त्याचा मोबाइल बंद झाला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. पुढे हैदराबादेत कार्डावरून चाळीस हजार निघाले, तेव्हा फौजदार म्हणाले, पोरगा सज्ञान आहे, आपल्या मर्जीने गेलाय, पैसे संपले की येईल.

तो आला नाही. तिने बिल भरलं. पावसाळा सरता सरता पुन्हा तेवढेच निघाले, या वेळी सोलापुरात. दुकानात तो कार्ड वापरतच नसे. एकदम रोख उचलायचा.

यासेरने आवाज उतरवला. "सिधी बात सांगू का, मॅडम? कार्डच ब्लॉक करून टाकू. मिनिटाचं काम आहे."

"ब्लॉक नको."

मग त्याने तिला सगळं नीट समजावलं. दोन हजार काढले की ते भरेपर्यंत त्या कार्डावर पुढची रोख मिळणार नाही. भरले की तेवढेच पुन्हा खुले होतील. शिवाय रोखीवर पहिल्या दिवसापासून व्याज, आणि रक्कम कितीही लहान असली तरी दर खेपेला कमीत कमी पाचशे रुपये फी. म्हणजे थोडंथोडं काढण्यात नुकसान तिचंच.

"भरल्यावर किती वेळाने खुले होतात?"

"ॲपवरून भरले तर बहुतेक त्याच दिवशी."

तिने मान हलवली आणि सही केली.

मारोतीदादाला कळलं तेव्हा त्याने लातूरहून फोन केला. हा तिचा थोरला भाऊ. भूकंपात औशाकडचं त्यांचं घर बसलं तेव्हा ती नांदेडच्या वसतिगृहात होती. आई-वडील गेल्याचं सांगायला तोच ट्रकमध्ये बसून आला होता. तेव्हापासून तिला रागवायचा हक्क त्याचा एकट्याचा. सुगत दर रविवारी त्याच्याकडे जेवायला असायचा.

"लई शिकलीस तू," तो म्हणाला. "आता पोराला उपाशी मारून घरी आणायलीस व्हय? रविकांतराव असते तर असं करू दिलं असतं का?"

रविकांत, तिचा नवरा, सुगत दहावीला असताना गेला होता. मारोतीदादाने आणखी बरंच ऐकवलं. जनावराचीसुद्धा वैरण कोणी अशी तोडत नाही, म्हणाला. दोन हजारच निघतात म्हटल्यावर पोरगं कार्ड नाल्यात फेकून देईल, मग बस आयुष्यभर वाट बघत.

तीच भीती तिलाही होती.

घरात आता सिलिंडर संपतच नसे. गॅसवाला विचारायचा, ताई, गावाला होता का? ती हो म्हणायची. चूलच पेटत नाही हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

दिवाळीची सुट्टी गेली, कॉलेज सुरू झालं. एका दुपारी प्रयोगशाळेत मुलं लंबक मोजत असताना तिचा मोबाइल थरथरला. बँकेचा मेसेज. उदगीर. दहा हजारांची मागणी नाकारली. ती स्टुलावर बसली. मुलांनी विचारलं, मॅडम, पुढचं वाचन घ्यायचं का? तिला ऐकू आलं नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. मग पुन्हा थरथर झाली. उदगीर. दोन हजार.

त्याने कार्ड फेकलं नव्हतं.

थंडीत मुदखेडला एका नातेवाइकाचं लग्न होतं. तिथून परतताना मारोतीदादा तिच्याकडे उतरला. राग अजून होताच, पण बहिणीच्या हातची भाकरी त्याला चालत होती. ती ओट्याशी, तो पाटावर. तव्यावर भाकरी असतानाच मोबाइल वाजला. तिने पिठाचे हात पदराला पुसले, मेसेज वाचला आणि तिथेच उभ्याने ॲप उघडून पैसे भरले. भाकरी एका बाजूने करपली.

मारोतीदादाने पाटावरून अर्धवट उठून मोबाइलच्या पडद्यावर बघितलं. "देगलूर. दोन हजार." तो जेवायचा थांबला. "लगेच भरतेस व्हय? आन् दर बारीला ही पाचशाची फी?"

"हाव."

"मग आधीचे चाळीसच राहू द्यायचे होते की. कमी कशाला केले?"

तिने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि त्याच्यासाठी दुसरी थापायला घेतली.

"चाळीस हजार एकदम नेले की तीन-तीन महिने तो हाय का न्हाई ते कळत न्हाई, दादा," ती म्हणाली. "दोन हजार आठवडाभर बी पुरत न्हाईत."